मुलगा पाहण्याचा कार्यक्रम

मुली पाहायला जाऊन जाऊन हितेंद्र चौधरीला इतका कंटाळा आला होता, की परक्या घरात पोह्यांची बशी हातात आली की त्याला फक्त मीठ कमी आहे की जास्त एवढंच कळायचं. समोर कोण बसलंय, काय बोललं जातंय, हे त्याच्यापर्यंत पोचायचंच नाही.

वय छत्तीस. यावलच्या अलीकडे, सातपुड्याच्या बाजूला, त्यांची केळीची बाग होती. ठिबक होतं, विहिरीला पाणी होतं, स्लॅबचं घर होतं. व्यसन कसलंच नव्हतं. सुरुवातीला मुलीकडचे शिक्षण कमी म्हणायचे, म्हणून त्याने बाहेरून बी.ए. केलं. मग मुलीला शहरात राहायची सवय आहे म्हणू लागले. मग नुसतंच 'कळवतो'. गेल्या वर्षापासून तर मध्यस्थच फोनवर सांगून टाकायचा, "भाऊ, शेतकरी नको म्हणता ते. पुण्यात वॉचमन असता तरी जमवलं असतं."

वडील गेल्यापासून घरात तो आणि आई कुंदाबाई दोघंच. आई थकली नव्हती, किंवा थकली असली तरी दाखवत नव्हती. कुणाच्या लग्नाला गेली की मांडवातल्या मुली न्याहाळायची आणि घरी येऊन सांगायची, "एक आहे. पन् तिचं ठरेल दिसते."

त्या उन्हाळ्यात जळगावच्या एका कॉलेजातले काही लोक गावात आले. सोसायटीच्या ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, पंचवीस वर्षांनी या गावात कशाची काळजी वाटते? बोलणाऱ्या बाईंचं नाव वृषाली तायडे. त्या कायदा शिकवायच्या. बरोबर प्रशील अहिरे होता, धुळ्याचा. अहमदाबादला डिझाइन शिकून परत आलेला. आणखी एक डॉक्टर आणि एक शेतकीचे प्राध्यापक होते. लोक केळीवरच्या व्हायरसबद्दल बोलतील, उन्हाबद्दल, तापीच्या पाण्याबद्दल, असं त्यांना वाटलं असावं.

ओट्याच्या कडेला बसलेला म्हातारा वना म्हणाला, "पंचवीस वर्षांनी इथी मानूस कोन राहीन, ते विचारा. पोरांइले पोरीच नहीत."

सगळे हसले. वृषालीबाईंनी विचारलं, तिशी उलटलेली किती मुलं बिनलग्नाची आहेत? लोक एकेक नाव घेऊ लागले आणि एकजण बोटं दुमडत मोजू लागला. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा मोजणारा थांबला, आणि मग कुणी हसलं नाही. हितेंद्रचं नाव दुसरं आलं होतं. तो तिथेच बसलेला होता.

आठवड्याने प्रशील एकटाच बागेत आला. झाडाच्या सावलीत पाणी प्यायला आणि त्याने सांगितलं, की त्यांना दोन हजार पन्नास सालची एक खोली मांडायची आहे. मुली इतक्या कमी झाल्यात की पाहण्याचा कार्यक्रम आता मुलाचा होतो. मुलगा पोहे घेऊन येतो आणि मुलीकडचे त्याला प्रश्न विचारतात.

"म्हणजे नाटक?" हितेंद्रने विचारलं.

"नाटकात पुढं काय होणार ते लिहिलेलं असतं. हे तसं नाही. याला स्पेक्युलेटिव्ह डिझाइन म्हणतात. उद्याची वस्तू आजच खरी वाटेल अशी बनवायची, लोकांच्या हातात द्यायची, आणि ते काय बोलतात ते ऐकायचं. वकील, डॉक्टर, शेतीवाले, सगळ्यांनी मिळून. एकट्यादुकट्याला सुटणारा प्रश्न नाही हा."

"आणि उत्तर कोण सांगणार?"

"उत्तर आमच्याकडे नाही."

"मग एवढा खटाटोप कशाला?"

प्रशीलने रुमालाने मान पुसली. तोही दमलेला दिसत होता. "मलाही कधी कधी असंच वाटतं," तो म्हणाला. "पण तुम्ही मुलगा व्हाल का? कॉलेजातली पोरं करतील, पण ती हसतील. तुम्हाला सगळे प्रश्न पाठ असतील."

हितेंद्रने कापणीला आलेल्या घडांकडे पाहिलं. तिथला नकार निदान खरा तरी नसेल, असं त्याच्या मनात आलं, आणि तो हो म्हणाला.

मग तो दर शनिवारी जळगावला जाऊ लागला. कॉलेजच्या हॉलमध्ये प्लायवुडच्या भिंती उभ्या राहत होत्या. ही मंडळी आपसांत फार भांडायची. डॉक्टरांना भिंतभर आकडे लावायचे होते, मुलांमागे मुली किती ते. वृषालीबाई म्हणाल्या, आकडे वाचून आजवर कुणाची झोप उडालेली नाही. शेतकीचे सर म्हणाले, सासरच्या सातबाऱ्यावर लग्नाच्या दिवशीच सुनेचं नाव लागलेलं दाखवा. त्यावर कॉलेजचा शिपाईसुद्धा म्हणाला, सर, पन्नास सालीही हे होणार नाही. शेवटी तो सातबारा फ्रेम करून दारासमोर लावला. सोफा, टीपॉय, पोह्यांचा ट्रे. वर्षातले सहा महिने मुलगी आपल्या माहेरच्या घरी राहील, असा छापलेला करार. आणि मागे एक अगदी लहान खोली, आत दोन खुर्च्या आणि दाराला आतून कडी.

"ही कशाला?" हितेंद्रने विचारलं.

"पन्नास सालचा नियम," वृषालीबाई म्हणाल्या. "पोहे खायच्या आधी मुलीला इथं आणायचं. घरचं कुणी नाही, मध्यस्थ नाही. आणि विचारायचं, तुला यायचं आहे का? ती बोलेपर्यंत बाहेर कुणी घास तोंडात घालायचा नाही."

"एवढ्यासाठी वेगळी खोली?"

"तुम्ही इतक्या मुली पाहिल्या. एकीला तरी विचारलंत?"

हितेंद्र आठवू लागला. "वेळच यायची नाही," तो म्हणाला. "तिचा बाप बोलायचा. माझ्याकडून मामा बोलायचा."

कार्यक्रमाच्या दिवशी कुंदाबाई आल्याच. हे खरं नाही, असं त्याने दहादा सांगितलं होतं. तरी त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती, आणि पिशवीत त्याचा फोटो होता. "येवढे मानसं येतीन," त्या म्हणाल्या. "कोनाची पोरगी असंन, काय सांगता येते."

कूलर घरघरत होते. लोक दहा-बारांच्या गटाने आत यायचे, सोफ्यावर 'मुलीकडचे' म्हणून बसायचे. हितेंद्र मान खाली घालून ट्रे आणायचा. पहिल्या गटाला हसू आवरेना.

"बस रे बाळा. लाजू नको."

"चालून दाखव जरा."

"हा चष्मा कधीपासून?"

"स्वयंपाक कुणी शिकवला? आईने की यूट्यूबने?"

हितेंद्र चालून दाखवत होता. भाजी कोणती येते ते सांगत होता. आश्चर्य म्हणजे त्याला लाज वाटत नव्हती. कुठल्या ना कुठल्या मुलीकडे बसून आपणही, नाहीतर आपल्या मामाने, हेच विचारलेलं त्याला आठवत होतं. पारोळ्याच्या एका मुलीला मामाने चप्पल काढून चालायला सांगितलं होतं. तिचा चेहरा त्याला आता आठवेना.

दुपारच्या गटात सुनंदाबाई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सातबारा वाचला, करार वाचला, मग सोफ्यावर बसून पर्स मांडीवर घेतली, जणू खरंच मुलीसाठी आल्या होत्या.

"तुमच्या बायकोची आई आजारी पडली, आणि त्याच वेळी तुमची आई आजारी पडली. मग?"

हितेंद्रला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तो उभाच राहिला. "माझी आई मी बघेन," तो म्हणाला. "तिने तिची बघावी. एक दिवस एकाला झोप मिळाली नाही तर दुसऱ्याने दोघींची बघावी. याच्याहून चांगलं मला सुचत नाही, बाई."

सुनंदाबाईंनी मान हलवली. "तुमच्या घरी बहिणी किती?"

"नाहीत."

"चुलत?"

"चुलतही नाहीत. तिन्ही काकांना मुलगेच."

"असं कसं?"

त्या सहज विचारत होत्या. हितेंद्रही सहजच आईकडे वळला, घरातली नाती तिला पाठ होती म्हणून. कुंदाबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि उठून बाहेर गेल्या.

तो गट संपल्यावर तो त्यांना शोधायला निघाला. हातात ट्रे तसाच होता. आई हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती, आणि शेजारी वृषालीबाई. दोघींची पाठ त्याच्याकडे होती.

"आमच्या गल्लीत त्या साली साऱ्याइले पोरंच झाले," आई सांगत होती. "पेढे वाटता वाटता दमलो आम्ही. सारेच इथीच, जयगावले जायचे, पोटातलं तपासाले. चोरून नही, जीप करून. सासू सोबत. मी दोनदा गेली."

वृषालीबाई पायरीवर थोड्या जवळ सरकल्या.

"तेव्हा कोनी सांगितलं असतं, का बाई, पुढी तुझ्या पोराले अशी पोह्याची थायी घेऊन उभं राहा लागंन..." कुंदाबाईंनी पदराने नाक पुसलं. "तरी गेली असती मी. खोटं काहून बोलू. सासूपुढी कोन बोललं असतं?"

मग त्यांनीच विचारलं, "तुझं झालं का व लगीन?"

"नाही, मावशी."

"कोनत्या लोकांची तू?"

"बौद्ध."

कुंदाबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "गावात ओरिसाची आनली एकानं. छत्तीसगडची आनली. त्याइची जात कोनी विचारली नही."

"आणि माझी तुम्ही विचारलीत," वृषालीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. दिवसभर बोलून घसा बसला होता त्यांचा. "घाबरू नका. मी तुमच्या मुलासाठी आलेली नाही. चला, पाणी प्या."

हितेंद्र मागे सरकला आणि आत गेला. अजून दोन गट व्हायचे होते. दोन्ही वेळा तो नीट बोलला. प्रशीलने नंतर त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, की लोक बाहेर जाऊनही तासभर भांडत होते, असं कधी होत नाही. हितेंद्रला फक्त पाय धुवावेसे वाटत होते.

यावलच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली. तापीचा पूल गेला. त्याला विचारायचं होतं, दोनदा म्हणजे माझ्या आधी की नंतर? पण विचारून काय करणार होता? बस स्टँडवर उतरताना आईला हात दिला, तेव्हा तिचा हात तापल्यासारखा गरम लागला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी जीवरामचा फोन आला. जीवराम शिरपूरकडचा. मुली 'आणून देणारा' म्हणून त्याचं नाव गावागावांत माहीत होतं. कुंदाबाईंनी त्याला हिवाळ्यातच सांगून ठेवलं होतं. छत्तीसगडची मुलगी धुळ्यात आणलीय, तो म्हणाला, पसंत असेल तर त्याच दिवशी देवळात हार घालून घेऊन जा.

हितेंद्र म्हणाला, "नको आई."

"एक डाव पाह्य," कुंदाबाई म्हणाल्या. "मी गेल्यावर तुले पानी कोन देईन?"

"मी घेईन."

"एक डाव."

तिच्याशी वाद घालण्याएवढीही ताकद त्याच्यात नव्हती. जळगावला बस बदलून, पारोळ्यामार्गे ते धुळ्याला पोचले, तेव्हा ऊन टिपेला गेलं होतं. जीवरामने स्टँडवरून रिक्षाने एका चाळीत नेलं. खोलीत एक बाई होती, तिला तो वहिनी म्हणत होता. भिंतीला टेकून एक मुलगी बसली होती. वीस-एकवीसची असेल. नवी कोरी पिवळी साडी, तिच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. वहिनीने पोहे आणले.

हितेंद्रने बशी घेतली आणि खाली ठेवली.

"मला तिच्याशी एकट्याशी बोलायचंय," तो म्हणाला.

जीवराम हसला. "अरे भाऊ, तिला मराठी येत नाही. मी आहे ना सांगायला."

"हिंदीत बोलेन. तुम्ही सगळे बाहेर व्हा. आई, तू पण."

असं तो आजवर कुणाशी बोलला नव्हता. जीवरामने कुंदाबाईंकडे पाहिलं. कुंदाबाईंनी मुलाकडे पाहिलं, आणि सगळ्यांच्या आधी त्याच उठल्या. "चाला," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटं बोलू द्या त्याले."

दाराला कडी नव्हती. त्याने ते नुसतं लोटून घेतलं आणि मुलीपासून लांब, जमिनीवर बसला.

"आपको आना है क्या?" त्याने विचारलं.

मुलीने वर पाहिलं. प्रश्न कळला नसावा असं त्याला वाटलं, म्हणून त्याने पुन्हा विचारलं. "शादी। मेरे गाँव। आपको आना है?"

"कितना दूर है?"

"बस से चार-पाँच घंटे। पहले जलगाँव, फिर..."

"नहीं," ती हळूच म्हणाली. दाराकडे पाहत. "स्टेशन। स्टेशन कितना दूर है?"

हितेंद्रने लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग त्याने सांगितलं. बाहेर पडून कुठे वळायचं, कुणाला विचारायचं. इथून गाडी चाळीसगावपर्यंत जाते, तिथे बदलायची. खिशातून हाताला आल्या त्या नोटा त्याने सतरंजीखाली सरकवल्या. "पुलिस को बुलाऊँ?" त्याने विचारलं. तिने जोरात मान हलवली, नाही. तेवढ्यात दार उघडलं.

"झालं का बोलणं?" जीवराम म्हणाला.

"कळवतो," हितेंद्र म्हणाला. त्याच्या तोंडून तोच शब्द निघाला. दुसरा सुचलाच नाही.

रस्त्यावर येताच त्याने वृषालीबाईंना फोन लावला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, पत्ता काय आणि मुलगी काय म्हणाली. "ती पोलीस नको म्हणाली," त्याने सांगितलं. "ते तिनेच ठरवायचं, पण त्या खोलीत बसून ठरवता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिथून हलू नका." प्रशील त्या दिवशी धुळ्यात आपल्या घरीच होता. महिला पोलिसांना घेऊन तो तासाभराने चाळीच्या तोंडाशी आला. तोवर हितेंद्र आणि आई समोरच्या टपरीवर बसून होते. चाळीला मागूनही वाट आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई दारात धान्य निवडत बसली होती. प्रशीलने तिला तिच्याच बोलीत, अहिराणीत विचारलं.

"त्या तं कव्हयच गयात," ती म्हणाली. "मांगे जीप उनी व्हती. बठ्ठं सामान लई गयात." मागून जीप आली होती, आणि सगळं सामान घेऊन ते केव्हाच गेले होते.

"आनि पोर? पिवळी साडीवाली?"

"जीपमा बसनी का नही, ते काय मी दखं नही, भाऊ."

ते स्टेशनवर गेले. फलाटावर गर्दी नव्हती. पिवळी साडी नव्हती. एक गाडी नुकतीच सुटून गेली होती. ती त्या गाडीत असेल, असं प्रशील म्हणाला. मग तोच म्हणाला, "असं आपण म्हणायचं." जीवरामचा फोन बंद होता.

पोलीस ठाण्यात हितेंद्रने जबाब दिला. बसने घरी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. घरी आल्यावर कुंदाबाईंनी चूल पेटवायला घेतली, गॅस असताना. मग ती तशीच सोडून त्या खाटेवर आडव्या झाल्या. भाकरी हितेंद्रने केल्या. वाकड्या झाल्या. दोघांनी खाल्ल्या.

पावसाळा लागला. वृषालीबाईंचा अधूनमधून फोन यायचा. जीवराम सापडला नव्हता. छत्तीसगडच्या पोलिसांना कळवलं होतं, पण कोणत्या गावची, काहीच ठाऊक नाही म्हटल्यावर तिकडून कोण शोधणार? कॉलेजने प्रयोगाचा अहवाल मागितला होता. 'निष्पन्न काय' या रकान्यापाशी त्या अडून बसल्या होत्या. प्लायवुडची ती खोली धुळ्याला न्यायची की मोडायची, यावरून प्रशीलचं आणि त्यांचं भांडण चाललं होतं. लोकांना अजून बोलायचंय, असं प्रशीलचं म्हणणं. आपण एवढी मोठी गोष्ट खेळासारखी मांडून बसलो, असं त्यांचं.

"तुम्ही काय म्हणता?" त्यांनी विचारलं.

"ती मागची खोली नसती, तर मी तिला विचारलंच नसतं," हितेंद्र म्हणाला. "एवढंच मला माहीत. ते चांगलं झालं की वाईट, ते माहीत नाही. ती कुठं आहे ते कळल्याशिवाय कसं सांगणार?"

"न्या म्हणता?"

"न्या. मी येईन. पण पोहे दुसऱ्याला आणू द्या. मी खोलीच्या दाराशी बसेन. आत कुणी घुसू नये म्हणून."

वृषालीबाई म्हणाल्या, "बरं."

तो बागेतच होता. मजूर घड कापून बांधावर आणत होते. चहाची किटली घेऊन कुंदाबाई आल्या होत्या, त्यांनी बोलणं ऐकलं.

"कॉलेजची बाई का?"

"हो."

"पोरगी सापडली का?"

"नाही."

कुंदाबाईंनी मजुरांना कपात चहा ओतून दिला. मग किटली खाली ठेवून त्या बांधावर बसल्या. आता त्यांना गुडघे धरून बसावं लागायचं.

"तिचं नाव काय व्हतं रे?"

हितेंद्रने विचारलं नव्हतं. जबाब घेताना पोलिसांनीही तेच विचारलं होतं. यायचं आहे का, एवढं विचारलं, आणि नाव राहून गेलं.

"मीबी नही विचारलं," कुंदाबाई म्हणाल्या. "त्या वहिनीजवळच बाहेर उभी व्हती मी."

ट्रक आला. चालकाने हॉर्न दिला. हितेंद्र उठला, खांद्यावर गोणपाट टाकलं आणि घड उचलायला गेला.